टॅबचा आवाज येतोय पण स्क्रीन काळी: डिस्प्ले बदलायच्या आधी हे एवढं बघा

सोलापुरात पूर्व भागात माझी छोटीशी अभ्यासिका आहे, कन्ना चौकापासून चालत दहा मिनिटांवर, डोक्यावर पत्रा आणि शेजारच्या दोन कारखान्यांत टॉवेलचे माग दिवसभर चालू. पोरं-पोरी बारावीची, नीटची, भरतीची तयारी करायला येतात आणि आता जवळजवळ प्रत्येकाकडे टॅब असतो, कुणाला योजनेतून मिळालेला, कुणी हप्त्यावर घेतलेला, कुणाकडे मोठ्या भावाचा जुना. गेली पाच वर्षं उन्हाळा लागला की एकच तक्रार माझ्या टेबलावर येते, "ताई, आवाज यालाय पण काय दिसंना."

माझं रिपेअरचं दुकान नाही. पण हा एकच बिघाड इतक्या वेळा हातात आला की आता कुठून सुरुवात करायची आणि कुठं थांबायचं हे पक्कं झालंय. आणि माझा अनुभव असा की स्क्रीन काळी झाली म्हणजे डिस्प्ले गेला असं निम्म्या वेळाही नसतं. डिस्प्लेला जे मिळायला पाहिजे ते मिळत नसतं, किंवा मागून काहीतरी त्याला दाबत असतं. हे मी एवढ्या तळमळीनं लिहितेय कारण इथं बऱ्याच घरांत आई विड्या वळते, वडील मागावर असतात, आणि दुकानात "डिस्प्ले गेलाय, कॉम्बो बदलावा लागेल" (कॉम्बो म्हणजे डिस्प्ले आणि टचची काच एकत्र चिकटलेला पार्ट) एवढं ऐकलं की तो टॅब कपाटात जातो आणि पोरीचा अभ्यास तिथंच थांबतो. म्हणून पैसे खर्च करायच्या आधी बिघाड नक्की कुठं आहे ते शोधा.

आधी लक्षण नीट बघा

"बंद पडलाय" म्हणून चालत नाही, कारण प्रत्येक लक्षणाचा रस्ता वेगळा असतो. स्क्रीन पूर्ण काळी पण नोटिफिकेशनचा आवाज येतोय, ही सगळ्यात जास्त वेळा येणारी. दुसरी म्हणजे चित्र आहे पण इतकं अंधुक की खोलीत अंधार केल्याशिवाय दिसत नाही. मग स्क्रीन लुकलुकते, कधी नीट होते कधी नाही. उभ्या किंवा आडव्या रेघा, हिरवी किंवा गुलाबी. कडेला शाई सांडल्यासारखा काळा डाग जो दिवसेंदिवस वाढतो. मधेच पांढरट ढगासारखा भाग. आणि शेवटी टचचे प्रकार, एक पट्टा चालतच नाही किंवा कुणी हात न लावता ॲप आपोआप उघडायला लागतात.

हे कधी होतं तेपण लिहून ठेवा. चार्जिंगला लावल्यावरच होतं का, दुपारीच होतं का, पडल्यानंतर सुरू झालं का, कव्हर घातलं की होतं का. मी पोरांना वहीच्या मागच्या पानावर दोन दिवस टायमासकट लिहून आणायला सांगते. एका पोराच्या पानावर सगळ्या नोंदी दुपारी १ ते ४ मधल्या निघाल्या, तिथंच अर्धं उत्तर मिळालं.

सगळ्यात आधी, चार्जर लावायच्याही आधी: बॅटरी फुगलीय का

याला एक रुपया लागत नाही आणि एक मिनिटात होतं, तरी लोक हे करत नाहीत. टॅब कव्हरमधून काढा. सपाट टेबलावर किंवा फरशीवर स्क्रीन वर करून ठेवा आणि एका कोपऱ्याला बोटानं हलकंच ढकला. चांगला टॅब नुसता सरकतो. पाठ फुगलेला टॅब मधल्या फुगवट्यावर भिंगरीसारखा फिरतो नाहीतर डुगडुगतो. मग तो डोळ्याच्या रेषेत धरा आणि काच आणि फ्रेम यांच्यामधली फट चारी बाजूंनी बघा, ती सगळीकडं सारखी पाहिजे. एका बाजूला पोस्टकार्ड आत जाईल एवढी फट दिसली तर आतली बॅटरी फुगून स्क्रीनला वर ढकलतेय.

याचा डिस्प्लेशी संबंध असा की टॅबची बॅटरी म्हणजे एक चपटी पिशवी असते, पत्र्याचा डबा नव्हे. ती म्हातारी झाली, सतत १०० टक्के चार्जवर राहिली, वरून उष्णता मिळाली की आत वायू तयार होतो आणि पिशवी फुगते. तिच्या बरोबर वर डिस्प्ले असतो. त्यामुळं पहिलं लक्षण स्क्रीनवर दिसतं, पांढरट ढग, एखादी रेघ, कोपऱ्यात टच न लागणं. लोक डिस्प्ले बदलून आणतात आणि महिन्याभरात नवा डिस्प्लेपण उचलला जातो, कारण खालची बॅटरी तीच.

मागच्या मे महिन्यात विडी घरकुलातून एक बाई लेकीचा टॅब घेऊन आल्या. म्हणाल्या, "अक्का, डिस्प्ले गेलंय म्हणालेत, दोन ठिकाणी दाखवलं." टॅब रबरी कव्हरमध्ये गच्च बसवलेला. कव्हर काढलं तर खालच्या डाव्या कोपऱ्यात काच उचललेली आणि त्या फटीतून आतली चंदेरी पिशवी दिसत होती, उशीसारखी. पोरगी रोज रात्री तो चार्जिंगला लावून उशाशी ठेवून झोपायची. माझ्या हाताला घाम फुटला. तो मी तिथंच स्विच ऑफ केला आणि बाहेर कट्ट्यावर, सिमेंटवर, सावलीत ठेवला.

बॅटरी फुगलेली दिसली तर पुढचं काहीच करू नका. चार्जिंग लावू नका, काच दाबून परत बसवायचा प्रयत्न करू नका, टाचणीनं हवा काढायचा विचारसुद्धा नको, ती हवा नसते आणि भोक पडलं तर पेट घेतं. बंद करा, गादी-चादरीपासून लांब ठेवा, आणि बॅटरी बदलणाऱ्या माणसाकडं न्या. जुनी बॅटरी घरी आणू नका, कचऱ्याच्या गाडीतही टाकू नका, त्याच्याकडंच ई-कचऱ्यात द्या. त्या बाईंच्या टॅबला शेवटी फक्त बॅटरी लागली, डिस्प्ले आजही तोच आहे.

बॅटरी ठीक असेल तरच पुढं या.

कव्हरमधलं चुंबक

हे ऐकून लोकांना खरं वाटत नाही, पण माझ्याकडं आलेल्या कमीत कमी सहा टॅबना एवढंच झालं होतं. पुस्तकासारखं उघडणारं फ्लिप कव्हर असतं ना, त्याच्या झाकणात बारीक चुंबक असतं आणि टॅबच्या कडेला ते ओळखणारा सेन्सर असतो. झाकण मिटलं की स्क्रीन बंद, उघडलं की चालू. आता कव्हर दुसऱ्या मॉडेलचं असेल, किंवा झाकण मागं दुमडल्यावर ते चुंबक नेमकं सेन्सरपाशी येत असेल, तर टॅबला वाटतं झाकण मिटलंय आणि स्क्रीन काळी होते. गाणं, लेक्चर मात्र चालूच, म्हणून आवाज येतो. आमच्याकडं टॅब एकावर एक रचून ठेवायचे, तर खालच्या टॅबच्या स्पीकरमधल्या चुंबकानंपण असं झालेलं बघितलंय. कव्हर काढा, टॅब एकटा लाकडी टेबलावर ठेवा आणि पॉवर बटण दाबा. चालू झाला तर काम संपलं.

जबरदस्तीनं रीस्टार्ट

नेहमीसारखं बंद-चालू नव्हे. सॉफ्टवेअर अडकलं असेल तर टॅब आतून चालू राहतो पण चित्र पाठवणारा भाग गोठलेला असतो, आणि काळ्या स्क्रीनवर तुम्हाला बंद करायचा पर्याय तरी कुठं दिसणार. बहुतेक अँड्रॉइड टॅबला पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकदम १० ते २० सेकंद दाबून धरायचं, काहींना नुसतं पॉवर बटण ३० सेकंद. होम बटण असलेल्या आयपॅडला होम आणि वरचं बटण एकत्र. होम बटण नसलेल्याला आधी वरच्या बटणाजवळचं व्हॉल्यूम बटण दाबून सोडायचं, मग दुसरं व्हॉल्यूम बटण दाबून सोडायचं, मग वरचं बटण लोगो येईपर्यंत धरून ठेवायचं. पोरं पाच सेकंदांत बोट काढतात आणि "नाही होत" म्हणतात. मोबाईलवर टायमर लावून धरा.

लोगो येताना डोळे स्क्रीनवरच ठेवा, इथं फुकट माहिती मिळते. कंपनीचा लोगो स्वच्छ आला आणि आत गेल्यावर रेघा किंवा लुकलुक सुरू झाली तर सॉफ्टवेअरचा संशय जास्त. लोगोवरच रेघा असतील तर डिस्प्ले, त्याला बोर्डाशी जोडणारी पट्टी किंवा बोर्ड (टॅबचे मुख्य भाग बसवलेली आतली पाटी), कारण तोवर तुमची कुठलीच ॲप सुरू झालेली नसतात.

चार्जिंगचं भोक आणि कापूस

हे खास आपल्याकडचं. बॅटरी पार शून्याला गेली की टॅब चार्जिंगला लावल्यावरही अर्धा-अर्धा तास काहीच दाखवत नाही, आणि लोक समजतात डिस्प्ले मेला. त्यात पोर्टमध्ये कचरा असला तर चार्जिंग होतच नाही, किंवा इतकं हळू होतं की टॅब चालू व्हायला पुरत नाही.

मागाजवळ राहणाऱ्यांच्या पोर्टमध्ये काय निघतं ते एकदा बघायला पाहिजे. टॉर्चच्या उजेडात आत बघितलं तर तळाला काहीतरी राखाडी दिसतं, लोकांना तो पोर्टचाच भाग वाटतो. लाकडी टूथपिकची टोकदार बाजू कडेकडेनं घालून हळू वर ओढली की एक चपटी वडी निघते, पोर्टच्याच आकाराची, वाकळेसारखी दाबून बसलेली. एकदा तर त्या वडीत गुलाबी आणि हिरवे तंतू वेगवेगळे दिसत होते. पोरगी बघून म्हणाली, "हे आमच्याच मागावरचं हाय, गेल्या महिन्यात गुलाबी टॉवेल होते." केबल दरवेळी आत घालताना तो धुरळा दाबून दाबून घट्ट होतो आणि शेवटी केबलचं टोक पूर्ण आत बसतच नाही. केबल थोडी बाहेर राहतेय किंवा हात लावला की हलतेय असं वाटलं तर हेच आहे.

साफ करताना टॅब बंद करा. सुई, पिन, साडीची टाचणी वापरू नका, धातूनं आत शॉर्ट होतं. टाइप सी पोर्टच्या मधोमध एक पातळ जीभ असते, ती तुटली तर पोर्टच बदलावा लागतो, म्हणून टूथपिक जिभेच्या वरून-खालून फिरवायची, तिच्यावर जोर द्यायचा नाही. आणि तोंडानं फुंकर नको, थुंकीचा ओलावा आत जातो.

मग दुसऱ्याचा चांगला चार्जर आणि दुसरी केबल, भिंतीच्या सॉकेटला थेट. एक्सटेन्शन बोर्डाला नको, लॅपटॉपच्या पोर्टलाही नको. एक तास हात न लावता ठेवा, मग परत जबरदस्तीनं रीस्टार्ट.

इथंच टचचं भूत पण सांगून टाकते. चार्जिंगला असतानाच स्क्रीन आपोआप चालते आणि केबल काढली की शहाण्यासारखी वागते, तर दोष बहुतेक वेळा टचचा नसतो, चार्जरचा असतो. बोट लागल्यावर काचेवरच्या विजेच्या साठ्यात जो अगदी किंचित फरक पडतो तो टच मोजत असतो. हलक्या चार्जरमधून येणारी वीज स्वच्छ नसते, तो गोंधळ टचला बोटासारखा वाटतो. स्टेशनसमोर हातगाडीवर मिळणारे बिननावाचे चार्जर घेऊन पैसे वाचत नाहीत, एवढं मी ठामपणे सांगते. टेम्पर्ड ग्लास निघायला आली असेल, खाली हवा किंवा तेल शिरलं असेल तर तीपण काढून बघा.

उष्णता

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. आयपॅड बनवणारी कंपनीच सांगते की भोवतीची हवा ० ते ३५ अंशांत असताना वापरा. म्हणजे आपला अख्खा उन्हाळा त्या मर्यादेच्या बाहेर. टॅब तापला की स्वतःला वाचवायला आधी उजेड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो, मग बंद होतो. दुपारी स्क्रीन अंधुक आणि संध्याकाळी ठीक, असं असेल तर पार्ट बदलून काही उपयोग नाही. कव्हर काढा, चार्जिंग काढा, पंख्याखाली फरशीवर अर्धा तास ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका. हे मुद्दाम लिहितेय कारण दोघांनी ठेवला होता, बाहेर काढल्यावर आत दंव धरतं आणि पाणी गेल्यासारखंच नुकसान होतं. कूलरच्या समोरही नको, ती हवा ओली असते.

आमच्याकडं आता नियम केलाय, दुपारी १२ ते ४ चार्जिंग नाही, आणि रात्रभर लावून ठेवणंही नाही. हा नियम केल्यापासून फुगलेल्या बॅटऱ्या खूप कमी झाल्या.

टॉर्च लावून बघा

माझी सगळ्यात आवडती तपासणी, कारण इथं खरं काय ते कळतं. खोलीत अंधार करा, टॅब चालू करा (आवाजावरून कळेल चालू झाला ते), आणि मोबाईलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ, तिरका धरा. हळूहळू सगळ्या स्क्रीनवर फिरवा. नीट बघितलं तर आत घड्याळ, आयकॉन पुसटसे दिसतात का?

दिसले तर डिस्प्ले जिवंत आहे, नुसता मागचा दिवा गेलाय. बहुतेक स्वस्त आणि मध्यम टॅबमध्ये एलसीडी असतो आणि एलसीडी स्वतः उजेड देत नाही, तो खिडकीच्या रंगीत काचेसारखा असतो, मागं एलईडीची ओळ उजेड पाडते तेव्हा चित्र दिसतं. त्या दिव्याला वीज देणारा बोर्डावरचा छोटा भाग, त्याचा फ्यूज किंवा पट्टीतला एखादा पिन गेला तरी स्क्रीन काळी दिसते. हे काम चांगला कारागीर बोर्डावर करतो आणि ते अख्ख्या कॉम्बोपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतं. पण हे दुकानात तुम्हाला सांगता आलं पाहिजे, "टॉर्च मारल्यावर चित्र दिसतंय, बॅकलाइट बघा." एवढं वाक्य बोललात की समोरचा माणूस तुमच्याशी वेगळं बोलतो.

अमोलेड स्क्रीनला ही तपासणी लागू नाही, तिथं प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, मागं दिवाच नसतो. अमोलेडवर हिरवी उभी रेघ आली तर घरी करण्यासारखं काही नाही.

अजून एक उपयोग. टॉर्चच्या उजेडात लॉकचा पिन नंबर टाकण्याइतकं दिसत असेल तर त्याच उजेडात घाई न करता फोटो आणि नोट्स ड्राइव्हवर चढवून घ्या. मी एका मुलीच्या दोन वर्षांच्या जीवशास्त्राच्या आकृत्या अशाच वाचवल्या, ती टॉर्च धरून उभी आणि मी बोटानं चाचपत.

रेघा असतील तर स्क्रीनशॉट

टॅबवर स्क्रीनशॉट काढा, दुसऱ्या मोबाईलवर पाठवा, तिथं बघा. स्क्रीनशॉटमध्येही रेघा दिसत असतील तर चित्र तयार होतानाच बिघडतंय, म्हणजे सॉफ्टवेअर किंवा बोर्ड. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर चित्र बरोबर तयार होतंय, दाखवताना बिघडतंय, म्हणजे डिस्प्ले किंवा त्याची पट्टी. मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढून पाठवला तर हे कळत नाही, तो स्क्रीनशॉट नव्हे, यात पोरांची गल्लत होते.

सॉफ्टवेअरचा संशय असेल तर सेफ मोड. पॉवरचा मेनू आला की पॉवर ऑफवर बोट धरून ठेवा, बऱ्याच अँड्रॉइड टॅबमध्ये सेफ मोडचं विचारतं. त्यात तुम्ही टाकलेली ॲप बंद असतात. तिथं स्क्रीन ठीक चालली तर शेवटी टाकलेली दोन-तीन ॲप काढा, डोळ्यांना त्रास नको म्हणून टाकलेली पिवळ्या उजेडाची ॲप आधी. ब्राइटनेस ऑटोवरून काढून हातानं वाढवा, एक्स्ट्रा डिम (उजेड नेहमीपेक्षाही कमी करणारं) आणि रंग उलटे करायचं सेटिंग चुकून चालू नाही ना तेपण बघा. फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी, आणि बॅकअप घेतल्याशिवाय नाही. रीसेटनंतर अँड्रॉइड टॅब जुनाच गुगल आयडी आणि पासवर्ड मागू शकतो, तो आठवत नसेल तर चांगला टॅबही उघडणार नाही.

टच मेलाय पण चित्र दिसतंय? मग ओटीजी जोडणी (टॅबच्या चार्जिंगच्या भोकात माऊससारखी यूएसबी वस्तू लावायचा छोटा तुकडा) घेऊन कॉम्प्युटरचा साधा माऊस लावा. बऱ्याच अँड्रॉइड टॅबवर बाण येतो आणि सगळं माऊसनं चालवता येतं. डेटा काढायला हा सगळ्यात सोपा मार्ग, आणि परीक्षा आठवड्यावर असेल तर पोरगी माऊस लावूनही वाचू शकते, रिपेअर नंतर.

पट्टी सैल झालीय का

टॅब पडल्यानंतर बिघाड सुरू झाला असेल तर ही शंका घ्या. डिस्प्ले आणि बोर्ड यांना जोडणारी एक पातळ चपटी पट्टी असते, दुकानात तिला स्ट्रिप म्हणतात. पडल्यावर तिचं टोक सॉकेटमधून केसभर सुटतं. टॅब चालू ठेवून मागच्या बाजूनं, कडांजवळ, अंगठ्यानं हलकं दाबा, कणीक किती मळली बघताना दाबतो तेवढंच. चित्र आलं-गेलं, रेघांचा रंग बदलला तर पट्टी किंवा तिचा सॉकेट. यात पार्टच लागत नाही, उघडून परत बसवली की झालं. काचेला तडा असेल तर मात्र दाबू नका.

उघडायचं का? मी फक्त वॉरंटी संपलेले, मागचं झाकण प्लास्टिकचं आणि नुसत्या खाचांवर बसलेलं असे टॅब उघडते. जुन्या प्लास्टिकच्या कार्डानं कडेकडेनं खाचा सोडवायच्या, आणि आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढायचा, दुसरं काहीही करायच्या आधी. बॅटरी चार व्होल्टच्या आसपासची असते पण बॅकलाइटसाठी ते वाढवून वीसच्या आसपास नेलेले असतात, आणि ती लाइन त्याच पट्टीत बाकीच्या नाजूक पिनांना लागून असते. बॅटरी जोडलेली असताना पट्टी वाकडी बसली की तो दाब शेजारच्या पिनमध्ये जातो आणि बिघाड नसलेला बोर्डही जातो. हे मला माहीत आहे कारण चार वर्षांपूर्वी माझ्या हातून एक टॅब असाच गेला आणि तो मी स्वतःच्या पैशानं भरून दिला. पट्टीची कडी उचलायची, टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं, वाळू द्यायचं, सरळ आत सरकवायची, कडी बंद, मग बॅटरी.

इथं थांबा

काच गोंदानं चिकटवलेली असेल, म्हणजे सगळे आयपॅड आणि बरेच चांगले टॅब, तर घरी उघडू नका. तो गोंद गरम करून मऊ करावा लागतो, हेअर ड्रायरनं एका ठिकाणी जास्त तापलं की काच जाते किंवा खालची बॅटरी तापते. वॉरंटी चालू असेल तर स्क्रूलाही हात नको, बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. योजनेतून मिळालेल्या टॅबलाही वॉरंटी असू शकते, मिळताना दिलेला कागद आधी शोधा. वॉरंटीत असूनही टाळाटाळ करत असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, लेखी नकार मागा आणि तिथं तक्रार करा. पाणी किंवा चहा आत गेला असेल तर बंद करून तसाच न्या, तांदळात ठेवण्यात वेळ घालवू नका, आतला गंज तांदूळ थांबवत नाही. जळका वास आला तर लगेच बंद. आणि शाईसारखा काळा डाग वाढत असेल तर तो पॅनेल आतून फुटलाय, कुठल्याच सेटिंगनं जाणार नाही.

दुकानात, मग ते नवी पेठेत असो की तुमच्या गल्लीत, आधी विचारा की फक्त टच बदलणार, फक्त डिस्प्ले, की दोन्ही चिकटलेला कॉम्बो. जुन्या बऱ्याच टॅबमध्ये टचची काच वेगळी मिळते आणि चित्र ठीक असेल तर तेवढीच पुरते. पार्ट ओरिजिनल की कॉपी, किती दिवसांची वॉरंटी, हे बिलावर लिहून घ्या. नवा पार्ट चिकटवायच्या आधी नुसता जोडून चालू करून दाखवायला सांगा, बोर्डाचा दोष असेल तर तिथंच कळेल आणि पार्टचे पैसे वाचतील. सांगितलेला खर्च तसाच वापरलेला टॅब घ्यायच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर मी पालकांना नको म्हणते. सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवा, जुना पार्ट परत मागा.

घेताना एक पूर्ण पांढरं चित्र उघडून चारी कोपरे बघा, ब्राइटनेस अगदी खाली आणि अगदी वर करून बघा, एक आयकॉन बोटाखाली धरून स्क्रीनभर शेत नांगरल्यासारखा फिरवा, कुठं सुटला तर तिथं टच नाही. मग चार्जर लावून परत तेच करा, आणि कव्हर घालून झाकण मागं दुमडून बघा. हे सगळं काउंटरवर उभं राहूनच, पैसे द्यायच्या आधी.